सेनियोकाठचं पितळ, एल्वोतलं सोनं: माझ्या प्रकल्प नोंदी

१० फेब्रुवारी २०२४, शनिवार

आज मशीन आलं, जमिनीतला धातू शोधणारं मेटल डिटेक्टर. नोक्ता सिम्प्लेक्स प्लस, तुर्की कंपनीचं, बारा किलोहर्ट्झवर चालतं, पाण्यातही चालतं. सोबत एक पिनपॉइंटर घेतला, म्हणजे खड्डा खणल्यावर नेमकं कुठल्या ढेकळात काय आहे ते दाखवणारी गाजराएवढी कांडी. ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याने सांगितलं होतं की सुरुवातीला महागाचं घेऊ नकोस, ते ऐकलं.

हे सगळं कशासाठी ते आजच लिहून ठेवतो. मी मूळचा खडकीचा, गेली नऊ वर्षं मिलानला. इथे आल्यावर दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी कळलं की दुसऱ्या महायुद्धात आपली मराठा पलटण याच देशात लढलीये, आणि थोडीथोडकी नाही. इटलीच्या लढाईत मराठ्यांना दोन व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे शौर्याचं सगळ्यात मोठं ब्रिटिश पदक, मिळाले. एक नाईक यशवंत घाडगे, माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे, १० जुलै १९४४ ला तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात पडले. दुसरे शिपाई नामदेव जाधव, नगर जिल्ह्यातले, ९ एप्रिल १९४५ ला सेनियो नदीवर. सेनियो माझ्या घरापासून गाडीने तीन तासांवर आहे आणि मला हे शाळेत कुणी कधी सांगितलं नव्हतं. तेव्हापासून डोक्यात होतं की तिथल्या मातीत आजही काहीतरी असणार, ते बघायचं, हातात घ्यायचं आणि नीट नोंदवायचं.

दुसरा भाग सोन्याचा. इकडे आल्प्समधून आणि आपेनाइन डोंगरांतून येणाऱ्या काही नद्यांमध्ये वाळूत सोन्याचे कण मिळतात, तिचिनो, एल्वो, ओर्बा, ओर्को. लेकीला त्याच्यात जास्त रस आहे, ती दहा वर्षांची आहे. म्हणून उन्हाळ्यात ते.

नियम आधी वाचून काढले, दोन रात्री त्यातच गेल्या. इथे २००४ चा सांस्कृतिक वारशाचा कायदा आहे, पुरातत्त्वाच्या वस्तू शोधायला सरकारी परवाना लागतो आणि चुकून काही सापडलं तर चोवीस तासांत कळवावं लागतं. जमिनीच्या मालकाची लेखी परवानगी हवीच. दारूगोळ्याला हात लावायचा नाही, ११२ ला फोन. ज्यांना वाटतं मशीन घेतलं की झालं, त्यांनी आधी हे वाचावं.

१७ फेब्रुवारी

सहकाऱ्याच्या घरामागे सराव. पाच सेंटचं नाणं, खिळा, पितळी नळाचा तुकडा, अॅल्युमिनियमची फॉइल, सगळं वेगवेगळ्या खोलीवर पुरून बघितलं. थोडक्यात समजलं ते असं: गोल कॉइलमधून चुंबकीय लहर जमिनीत जाते, धातू लागला की त्याच्यात छोटे प्रवाह फिरतात आणि ते उलट लहर पाठवतात, मशीन ती ऐकतं. लोखंडाचा आवाज जाड आणि पडद्यावरचा आकडा खाली, पितळ-तांबं-चांदीचा आवाज बारीक आणि आकडा वर. पण गंजलेला मोठा लोखंडी तुकडा आडवा असला तर तोही चांगल्या धातूसारखा बोलतो. कान तयार व्हायला वेळ लागणार.

२ मार्च

पहिल्यांदा शेतात. नेमकी जागा लिहीत नाही, बान्याकावाल्लोच्या बाजूचं, सेनियोच्या पूर्वेकडचं एक शेत एवढंच. तिथल्या स्थानिक इतिहासाचं काम करणाऱ्या एका निवृत्त मास्तरांनी मालकाशी ओळख करून दिली. मालक साठीचे असतील, मी त्यांना ट्रॅक्टरवाले काका म्हणतो, कारण बोलतानाही ते ट्रॅक्टरवरून उतरत नाहीत. त्यांची इथे पीचची बाग होती. मे २०२३ च्या पुरात सेनियो फुटली, बागेत कितीतरी दिवस पाणी साठून राहिलं आणि मुळं कुजून झाडं वाळली. आता ती सगळी उपटून टाकलीत आणि नव्या लागवडीसाठी जमीन खोल उलटवलीये. त्यांनीच सांगितलं, झाडं उपटताना मुळांबरोबर लोखंड वर आलं, तुला बघायचं तर आत्ता बघ, पुढच्या महिन्यात रोपं लागली की मी कुणाला पाय ठेवू देणार नाही.

माती भयंकर चिकट. काळीभोर नाही आपल्यासारखी, राखाडी-तपकिरी, पण पावसानंतर बुटाला तशीच किलो-किलो चिकटते. वर पुराच्या गाळाचा एक थर आहे, काही ठिकाणी बोटभर, काही ठिकाणी वीतभर, आणि त्याच्याखाली जुनी जमीन, त्यामुळे जिथे नांगर खोल गेलाय तिथेच खालचं वर आलंय, बाकी ठिकाणी मशीन ऐकूच शकत नाही इतकं खाली आहे.

दिवसभरात: ट्रॅक्टरचे नट-बोल्ट, तारेचे तुकडे, बागेच्या वायरीच्या क्लिपा, वाइनच्या बाटलीची टोपणं, घोड्याचा नाल एक, शिशाचं एक वजन, आणि तीन तुकडे ज्यांच्या कडा वस्तऱ्यासारख्या. हे तोफगोळ्याचे. बोटाएवढे, गंज चढलेले पण फाटलेली कड अजून तशीच धारदार, हातमोजा कापला गेला. मास्तर म्हणाले इथे लहानपणी सगळ्या पोरांच्या डब्यात असे तुकडे असायचे, लोक भंगारात विकायचे.

प्रत्येक वस्तूची पिशवी, पिशवीवर नंबर, फोनवर जीपीएस, वहीत खोली. हे मी पहिल्या दिवसापासून करतोय आणि करत राहणार. कुठे सापडलं हे लिहिलं नाही तर तो तुकडा नुसतं भंगार आहे.

१६ मार्च

आज घाबरलो आणि ते लिहायलाच हवं.

सकाळी साडेदहाच्या सुमाराला बांधाच्या बाजूला मोठा सिग्नल, आकडा सारखा उड्या मारत होता, मला वाटलं नांगराचा फाळ असेल. वरची माती हाताने बाजूला केली आणि पत्र्याचे पंख दिसले, चार-पाच, गोल फिरत गेलेले, त्यांच्यापुढे दंडगोल जमिनीत गेलेला. उखळी तोफेच्या गोळ्याचं शेपूट. नुसतं शेपूट असतं तर ठीक, फुटलेल्या गोळ्याची शेपटं खूप मिळतात, पण याच्यापुढे अंग होतं.

मी हात काढला, मशीन बंद केलं आणि ज्या पावलांनी आलो त्याच पावलांनी मागे गेलो. काकांना हाक मारली, त्यांनी एक नजर टाकली आणि शांतपणे म्हणाले, फोन कर. ११२. अर्ध्या-पाऊण तासात काराबिनिएरींची, म्हणजे इथल्या पोलिसांची, गाडी आली, दोघं होते, त्यांनी पट्टी लावून जागा अडवली, आमची नावं घेतली आणि सांगितलं की लष्कराचं पथक येऊन नेईल, तोवर शेताच्या त्या भागात कुणी जायचं नाही. एकदाही रागावले नाहीत. त्यातला वयस्कर होता तो म्हणाला, तू उकरत बसला नाहीस हे बरं केलंस.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही आणि मग म्हणाली, लेकीला त्या शेतात न्यायचं नाही. बरोबर आहे तिचं.

अजून एक गोष्ट मास्तरांकडून कळली, जी मला माहीत नव्हती. जर्मनांचा शू माइन नावाचा सुरुंग लाकडी पेटीचा होता, आत धातू जवळजवळ नाहीच. म्हणजे माझं मशीन त्याच्यावरून फिरलं तरी गप्प बसेल. युद्धानंतर ही सगळी जमीन साफ केलीये आणि ऐंशी वर्षं नांगरलीये, म्हणून नांगरलेल्या शेतात त्यातल्या त्यात ठीक, पण नदीच्या बंधाऱ्यावर, न उकरलेल्या जागी, कधीही खणायचं नाही. हा नियम वहीच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहिला.

९ एप्रिल २०२४, मंगळवार, गुढीपाडवा

सुट्टी टाकली. यंदा पाडवा आणि सेनियोच्या हल्ल्याची तारीख एकाच दिवशी आलीत. सकाळी सहाला बाल्कनीत गुढी उभारली, कडुनिंब नाही मिळत इथे, श्रीखंड कालच केलं होतं, आणि साडेसातला निघालो, तिघंही. आज मशीन घरीच.

आधी आल्फोन्सिनेचं सेनियोच्या लढाईचं संग्रहालय. छोटं आहे पण मन लावून केलंय. १९४४ च्या डिसेंबरपासून एप्रिलपर्यंत सगळा मोर्चा या नदीवर अडकून पडला होता. नदी तशी काहीच नाही, आपल्याकडे ओढाच म्हणतील, चार-पाच फूट पाणी, पण दोन्ही बाजूंना मातीचे प्रचंड बंधारे, ज्यांना इथे अर्जिने म्हणतात, वीस-पंचवीस फूट उंच, पुरापासून गाव वाचवायला शेकडो वर्षांत घातलेले. जर्मनांनी त्या बंधाऱ्यांच्या पोटात बोगदे खणले होते. पलीकडच्या उतारावर ते, अलीकडच्या उतारावर दोस्तांचं सैन्य, मध्ये कधीकधी नुसती बंधाऱ्याची माथ्याची रुंदी. हातबॉम्ब वरून पलीकडे टाकायचे. असं सबंध हिवाळाभर.

९ एप्रिल १९४५ ला दुपारी आठशेवर हेवी बॉम्बर आले, मग तोफा, मग आग ओकणाऱ्या गाड्या, आणि संध्याकाळी आठव्या भारतीय डिव्हिजनचे जवान नदीत उतरले. १/५ मराठा, म्हणजे पाचव्या मराठा रेजिमेंटची पहिली पलटण, सान पोतितो गावाच्या उत्तरेला.

सान पोतितोजवळ बंधाऱ्यावर चढलो. वरून सायकलवाले जातात, खाली पोपलारची झाडं, पाणी गढूळ हिरवं. उतार इतका खडा आहे की लेक हातपाय टेकून चढली. मी तिला तिथेच बसवून नामदेव जाधवांचं सांगितलं. ते कंपनीचे रनर होते, निरोप्या, वय तेवीस. पहिल्या तुकडीबरोबर पाण्यातून पलीकडे गेले, गोळीबारात त्यांचा कंपनी कमांडर आणि अजून एक जण जखमी, बाकी जवळपास सगळे मेले. जाधवांनी एका जखमीला उचललं, खोल पाण्यातून, हा असा खडा चढ, वर सुरुंग पेरलेले, तिथून अलीकडे आणून ठेवलं. मग परत गेले आणि दुसऱ्याला आणलं. मग तिसऱ्यांदा गेले, एकटे, टॉमी गन घेऊन. एक मशीनगन बंद केली, हाताला गोळी लागली, बंदूक धरवेना तर ती टाकून हातबॉम्ब घेतले, अजून दोन मशीनगन बंद केल्या, मध्ये बॉम्ब संपले तेव्हा सरपटत बंधाऱ्यावर येऊन पलीकडच्या सोबत्यांकडून अजून घेतले. आणि मग बंधाऱ्याच्या माथ्यावर उभे राहून मराठ्यांची युद्धगर्जना दिली आणि बाकीच्या कंपन्यांना हात करून बोलावलं.

लेकीने विचारलं, गर्जना म्हणजे काय म्हणाले? मी सांगितलं. बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय. ती उभी राहिली आणि हळू आवाजात एकदा म्हणाली, कारण एक आजोबा कुत्रा घेऊन येत होते. मला पुढचं काही बोलताच आलं नाही.

येताना फोर्लीला भारतीय सैन्याच्या स्मशानभूमीत थांबलो. ४९६ कबरी आहेत, आणि ज्यांचं दहन झालं त्यांच्यासाठी वेगळं स्मारक, त्याच्यावर सातशेहून जास्त नावं. जाधव, शिंदे, मोरे, पवार, कदम. गावाच्या मतदार यादीत दिसावीत तशी नावं, इटलीतल्या एका शहराच्या कडेला. श्रीखंडाचा डबा गाडीत होता, थोडं काढून तिथे ठेवलं, बायको म्हणाली ठेव, कुणी काही म्हणत नाही.

२० एप्रिल

सापडली. नोंद क्रमांक ४१.

काकांनी शेवटचा दिवस दिला होता, सोमवारी रोपं येणार. दुपारपर्यंत बारा तुकडे गोळ्यांचे, एक सैनिकी बकल वाकलेलं, आणि थ्री-नॉट-थ्रीच्या, म्हणजे ब्रिटिश रायफलीच्या काडतुसांच्या, रिकाम्या पितळी केसा सात. या केसा ओळखायला सोप्या, बुडाला बाहेर आलेली कड असते, रिम, आणि लांबी छप्पन्न मिलिमीटर. जर्मन माउझरची केस एक मिलिमीटर लांब पण तिला अशी कड नसते, बुडाजवळ खाच असते, आणि पुष्कळशा पोलादी असल्यामुळे हातात घेतल्या तर गंजाचा भुगा होतो. पितळ मात्र टिकतं. हिरवट होतं, पण टिकतं.

आठवी केस बांधापासून तीस पावलांवर, गाळाच्या थराखाली, सोळा सेंटिमीटरवर. तोंड चेपलेलं, अंगावर नांगराचा ओरखडा. मी सवयीने बुडाची माती अंगठ्याने पुसली आणि बाटलीतलं पाणी ओतलं. मधोमध टोपीवर, म्हणजे जिच्यावर ठोका बसून काडतूस पेटतं तिच्यावर, फायरिंग पिनचा खड्डा, गोल, स्वच्छ. त्याच्याभोवती अक्षरं. आधी ४३ दिसलं. मग रोमन सात. मग वरच्या बाजूला के, मग ब्रिटिश सरकारी मालावर असायचा तो बाण, मग एफ.

के एफ म्हणजे किरकी फॅक्टरी. आमची खडकीची अॅम्युनिशन फॅक्टरी.

मी तिथेच चिखलात बसलो. आमचं घर त्या फॅक्टरीच्या भोंग्यावर चालायचं. आजोबा तिथे कामाला, वडिलांचे मामा तिथे कामाला, शाळेतल्या निम्म्या मुलांचे वडील तिथे. १८६९ सालची फॅक्टरी. सकाळचा भोंगा झाला की आजी म्हणायची उठा, दुपारचा झाला की डबा झाकायची. लहानपणी त्या भिंतीपलीकडे काय बनतं हे कुणी विचारायचं नाही आणि कुणी सांगायचं नाही. आणि त्याच भिंतीआडून १९४३ साली बाहेर पडलेली ही केस, डब्यात भरून, रेल्वेने मुंबई, मुंबईहून जहाज, आणि या शेतात येऊन कुणीतरी ती बंदुकीत भरली आणि झाडली आणि ही इथे पडली आणि तिच्यावर पीचची बाग उभी राहिली.

स्वतःलाच सांगून ठेवतो, याच्यावरून ती मराठ्यानेच झाडली असं ठरत नाही. त्याच डिव्हिजनमध्ये पंजाबी होते, फ्रंटिअर फोर्सवाले होते, गुरखे होते, गोऱ्या पलटणी होत्या. आधी इथे कॅनडाचं सैन्य होतं. दारूगोळा मिळेल तो वापरला जायचा. मला एवढंच माहीत आहे की ती खडकीत बनली आणि इथे झाडली गेली. एवढं मला पुरेसं आहे.

काका ट्रॅक्टरवरून उतरले. पहिल्यांदाच. मी त्यांना मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये सांगितलं की हे माझ्या गल्लीत बनलंय. त्यांनी ती हातात घेतली, चष्मा वर करून बुड बघितलं, आणि म्हणाले त्यांचे वडील त्या हिवाळ्यात चार महिने याच घराच्या तळघरात होते, तेरा माणसं आणि एक गाय.

२१ एप्रिल

सकाळीच बाबांना व्हिडिओ कॉल. केस कॅमेऱ्यापुढे धरली. बाबा म्हणाले जवळ आण, अजून जवळ, उजेडात धर. मग बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, अण्णा, म्हणजे माझे आजोबा, चव्वेचाळीसला लागले रे, म्हणजे ही त्यांच्या आधीची. पण तात्या होते तेव्हा. तात्या म्हणजे आजोबांचे थोरले भाऊ, ते केसच्या खात्यात होते की टोपीच्या ते बाबांना नक्की आठवेना. ते म्हणाले युद्धाच्या काळात तीन पाळ्या चालायच्या आणि तात्या घरी आले की हाताला पितळेचा वास यायचा, आजी सांगायची.

आई मागून म्हणाली, ती घेऊन ये येताना. मला सांगावं लागलं की विमानात बंदुकीची केस, रिकामी असली तरी, आणता येणार नाही, आणि तशीही मी ती इथेच देणार आहे. मास्तरांच्या संग्रहात, नोंदीसकट, जिथे सापडली त्या गावात. आई जरा नाराज झाली. मग मी कागद ठेवून त्याच्यावर पेन्सिल घासून बुडाचा ठसा काढला, लहानपणी आपण नाण्याचा काढायचो तसा, दोन काढले. एक पुण्याला पोस्टाने पाठवला.

१ आणि २ जून

सोनं. बिएल्लाजवळ, एल्वो नदी. मिलानहून शंभरेक किलोमीटर. रविवारी इथली प्रजासत्ताक दिनाची सुट्टी, शनिवारी रात्री तिथेच मुक्काम केला. लेकीसकट, आणि बायकोची यावेळी काही हरकत नव्हती.

पहिल्या दिवशी आधी बेस्सा बघितलं. बेस्सा म्हणजे रोमन लोकांची सोन्याची खाण, पण बोगद्यांची नाही, उघड्या माळाची. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकातली. त्यांनी अख्खा माळ पाण्याने धुवून काढला आणि धुतलेले गोटे बाजूला रचत गेले. आज दोन हजार वर्षांनी ते ढीग तसेच आहेत, जंगलात मैलोन्मैल गोल गोट्यांच्या टेकड्या, मधून झाडं उगवलेली. रोमन लेखक प्लिनीने लिहून ठेवलंय की इथल्या खाणींत ठेकेदारांनी पाच हजारांपेक्षा जास्त माणसं कामाला लावू नयेत असा कायदा होता. एकेक गोटा कुणाच्या तरी हातातून गेलाय. तिथे काहीही उचलायला, खणायला बंदी आहे आणि असलीच पाहिजे.

मग वेर्मोन्यो गावातल्या सोनं शोधणाऱ्यांच्या गटातले एक काका आम्हाला नदीवर घेऊन गेले. काय चालतं काय नाही ते त्यांनी आधी सांगितलं: हातातली साधनं फक्त, इंजिन नाही, पंप नाही, काठ फोडायचा नाही, झालं की खड्डा बुजवायचा.

जागा निवडणं हीच अर्धी विद्या आहे. नदीला वळण असेल तर आतल्या बाजूला, जिथे पाण्याचा वेग मंदावतो. मोठ्या दगडाच्या मागे. खडकाच्या फटीत. दगडावरच्या शेवाळात सुद्धा, पुरात वाहून आलेले कण शेवाळ धरून ठेवतं. सोनं पाण्याच्या एकोणीसपट जड, साधी वाळू अडीचपट, काळी लोहवाळू पाचपट, म्हणजे पाणी जिथे दम टाकतं तिथे आधी सोनं बसतं, मग काळी वाळू, मग बाकीचं.

चाळणीतून गोटे काढायचे, मग पसरट तबक, त्याला इथे बातेया म्हणतात, पाण्याखाली धरून जोरात हलवायचं म्हणजे जड ते तळाला जातं, मग थोडं तिरकं करून वरची वाळू लाटेने बाहेर सोडायची, परत हलवायचं, परत सोडायचं. पहिल्या तासात माझ्याकडून काही झालं नाही. लेकीने व्हिडिओ काढून आईला, म्हणजे तिच्या आजीला, पाठवला आणि आईचा लगेच फोन, अरे हे तर तांदूळ रोळणं आहे, मनगट सैल सोड, खांद्यातून नको हलवूस. आणि खरंच. पूर्वी तांदळात खडे असायचे तेव्हा आजी पातेल्यात पाणी घालून असंच रोळायची, तांदूळ वरच्या वर दुसऱ्या भांड्यात आणि खडे तळाला. फक्त इथे तांदूळ फेकायचे आणि खडा ठेवायचा. मनगट सैल सोडल्यावर दहा मिनिटांत तळाला काळ्या वाळूची कोर दिसायला लागली.

पहिला कण लेकीच्या तबकात. काळ्या वाळूत एक पिवळा ठिपका, खसखशीच्या दाण्याएवढा पण चपटा, टिकलीचा कोपरा तुटावा तसा. ती सूर्याकडे पाठ करून बसली, सावलीत तबक धरलं, तरी तो तसाच पिवळा. हीच परीक्षा, काकांनी सांगितलं: अभ्रक उन्हात चमकतं आणि सावलीत विझतं, सोनं सावलीतही सोनंच दिसतं.

एक गडबड झाली त्याची नोंद. माझ्या तबकात दोन कण दिसले आणि पाणी ओतताना डोळ्यांदेखत तरंगत निघून गेले. सोनं तरंगतं हे मला पटेना. कारण तबक नवं होतं, प्लास्टिकवर कारखान्यातला तेलकट थर, त्यात माझ्या हाताला सनस्क्रीन. इतका पातळ कण तेलकट झाला की पाण्याच्या पृष्ठभागावर बसून राहतो. रात्री भांड्याच्या साबणाने तबक घासलं, बारीक सँडपेपर फिरवला आणि दुसऱ्या दिवशी एकही कण तरंगला नाही. नवं तबक घेणाऱ्याने हे आधी करावं.

दोन दिवसांचे मिळून सत्तावीस कण. काकांच्या काट्यावर सात मिलिग्रॅम. काचेच्या बारीक नळीत पाणी घालून ठेवलेत, हलवलं की सगळ्यात आधी तळाला जातात.

परतताना मला रविवार पेठ आठवत होती. सराफांच्या दुकानांपुढची धूळ झाडून नेणारे, गटारातला गाळ काढून धुणारे झारेकरी. पहाटे दुकानं उघडायच्या आधी ते बसलेले असायचे, पुढे घमेलं, मनगट असंच सैल. लहानपणी मला कळायचं नाही ते काय धुतात. त्यांच्याकडे जे कसब होतं त्याचा एक अंश यायला मला दोन दिवस लागले.

१३ जुलै

मोन्तोने, उंब्रिया. घाडग्यांना जाऊन १० जुलैला ऐंशी वर्षं झाली, बुधवार होता म्हणून आज गेलो. गेल्या वर्षी जुलैमध्ये इथे त्यांच्या नावाचं स्मारक झालंय, सूर्यघड्याळ आहे, आणि त्याच्यावर लॅटिनमध्ये लिहिलंय की आपण सगळे एकाच सूर्याखाली. घाडग्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगन चालली, त्यांच्याशिवाय सगळे पडले, ते एकटे त्या मशीनगनवर धावून गेले, ती बंद केली आणि मग त्यांना गोळी लागली. त्यांचा देह सापडला नाही, कास्सिनोच्या स्मारकावर नाव आहे.

मशीन नेलं नव्हतं आणि नेणारही नाही. तिथे शोधायची माझी इच्छाच होत नाही.

७ सप्टेंबर, गणेश चतुर्थी

लेकीने सोन्याची नळी गणपतीपुढे ठेवली आणि शेजारी पेन्सिलीने घासलेला तो दुसरा ठसा. बाबांचा मेसेज आला, पुण्याचा ठसा त्यांनी फ्रेम केलाय आणि तात्यांच्या नातवाला दाखवला. त्यांच्याकडे तात्यांचा हजेरीचा पितळी बिल्ला निघाला, नंबर असलेला. फोटो मागवलाय.

२८ सप्टेंबर

गेल्या आठवड्यात सेनियो परत फुटली. दीड वर्षात दुसऱ्यांदा. ट्रॅक्टरवाल्या काकांचा फोन लागत नव्हता, मास्तरांनी कळवलं की माणसं ठीक आहेत, घरात कमरेएवढं पाणी आलं होतं. आज पहाटे निघून गेलो, गाडीत फावडी दोन, रबरी बूट, बादल्या, आणि बायकोने दिलेले चाळीस थेपले.

सगळीकडे तोच राखाडी गाळ. आणलेली नवी रोपं आडवी, काही दिसतच नाहीत. आम्ही दहा-बारा जण होतो, त्यात कॉलेजची पोरं जास्त, ओळखीचं कुणी नाही, कुठून कुठून आलेली. दिवसभर तळघरातला चिखल बादलीने वर काढला, ओळीने उभं राहून, हातोहात. तेच तळघर. तेरा माणसं आणि एक गाय. भिंतीत अजून एक लोखंडी कडी आहे, गाय बांधायची, काकांनी फावड्याने चिखल खरवडून ती मला दाखवली.

दुपारी शेताच्या कडेला जाऊन आलो. जिथे ४१ नंबर सापडली तिथे आता गुडघ्याएवढा गाळ आहे. माझ्या जीपीएसचा ठिपका बरोबर आहे, पण खाली जे असेल ते आता माझ्या मशीनला ऐकू येणार नाही. वहीत त्या पानावर गाळाची जाडी लिहिली, अंदाजे चाळीस सेंटिमीटर, आणि तारीख घातली.

काकांनी निघताना विचारलं, पुढच्या शनिवारी येणार का. भिंतींचा गिलावा काढायचाय. येतो म्हटलं.